मत नाही, बोलायचा हक्क आहे

१२ सप्टेंबर

आज मी युवा मंडळाची अध्यक्ष झाले. निवडून आले असं लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर माझं नाव लोकरीच्या टोपीतून निघालं.

शाळेच्या विद्यार्थी सभेत ‘पालिकेच्या युवा मंडळावर कोण जाणार?’ असं विचारलं, तेव्हा सगळे टेबलाकडे बघत बसले. मी विचारलं, तिथे नेमकं करतात काय? प्रश्न विचारणाऱ्यालाच पाठवायची पद्धत असावी. माझ्याबरोबर सिव्हर्तला पाठवलं. तो माझ्या एक वर्ष पुढे आहे, हँडबॉलच्या संघाचा कप्तान, अख्खं त्रानवोग गाव त्याला ओळखतं.

पहिली बैठक पालिकेच्या इमारतीत वरच्या मजल्यावर झाली. आम्ही नऊ जण आहोत, वेगवेगळ्या शाळांमधून आलेले. पालिकेची युवा अधिकारी इंगविल आमची सचिव. ती सगळं लिहून घेते, पण मत देत नाही. तिने समजावून सांगितलं, की तरुण मुलांशी संबंध असलेला प्रत्येक विषय निर्णयाआधी आमच्याकडे यायला हवा, तसा कायदाच आहे. आम्ही आमचं म्हणणं लेखी द्यायचं. शिवाय आमच्यापैकी एकाला पालिकेच्या सभेत जाऊन बोलताही येतं. तिथे मत मात्र नाही.

“मग उपयोग काय?” स्कार्वोय बेटावरून आलेल्या मुलीने विचारलं. तिचं नाव ओद्नी. नववीत आहे, आमच्यात जवळजवळ सगळ्यांत लहान, आणि पायात रबरी बूट घालून आली होती.

इंगविल जराही चिडली नाही. मागच्या मंडळाने बोगद्याच्या तोंडाशी, बस थांब्यावर दिवा लावून घेतला, असं तिने सांगितलं. त्याआधीच्या मंडळाने पोहण्याचा तलाव मागितला, त्यांना काहीच मिळालं नाही. “त्यांनी तुमचं ऐकलंच पाहिजे असं कायद्यात नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलंच पाहिजे, एवढं आहे.”

मी हे हातावर लिहून घेतलं. बस येईपर्यंत वाचत होते. विचारलं पाहिजे, पण ऐकलं पाहिजे असं नाही. असं कुणी घरी माझ्याशी केलं तर मी दार आपटीन. मग इथे नऊ जण शांतपणे बन खात का बसलो होतो?

अध्यक्षपदासाठी मला आणि सिव्हर्तला सारखीच मतं पडली, एक चिठ्ठी कोरी निघाली. अशा वेळी चिठ्ठी काढायची असा नियम आहे म्हणे. इंगविलने स्वतःची टोपी पुढे केली. सिव्हर्त उपाध्यक्ष झाला. त्याने माझ्याशी हात मिळवला, तोही जरा जास्तच जोरात.

बाबाला सांगितलं तर तो उठून उभाच राहिला. तो स्वतः पालिकेच्या सभेत निवडून आलेला आहे, सत्तेतल्या पक्षाकडून, दुसऱ्यांदा. “घरात आता दोन राजकारणी,” तो म्हणाला. आई म्हणाली, “एक पुरे होता.”

२६ सप्टेंबर

आमच्या बैठकीच्या खोलीतले दिवे कुणी हललं नाही तर आपोआप विझतात. आज सगळे विचारात पडले आणि एकदम काळोख झाला. आता दर थोड्या वेळाने कुणीतरी हात हलवायचा असं ठरलं आहे. मंडळाचा पहिला एकमताने झालेला ठराव.

मला या सगळ्याची फारच गंमत वाटायला लागली आहे. बोलायचं असेल तर हात वर करायचा आणि अध्यक्ष नाव टिपून घेते, म्हणजे मी. दुसऱ्याच्या बोलण्याला छोटंसं उत्तर द्यायचं असेल तर दोन बोटं वर करायची. दोन बोटंवाले रांगेत पुढे येतात. सिव्हर्तला हे लगेच कळलं, आता तो कायम दोन बोटं वर करूनच बसलेला असतो. मी इंगविलला विचारलं की हे थांबवता येतं का. ती म्हणाली, “तू अध्यक्ष आहेस. तुला काय वाटतं?” तिला काहीही विचारलं तरी ती हेच म्हणते.

येताना बाबा गाडी घेऊन आला होता. वसंत ऋतूपासून तो इतका कामात होता, की मी कोणत्या वर्गात आहे हेही त्याला नीट सांगता आलं नसतं. आज मात्र घरापर्यंत सगळं विचारत होता. कोण काय बोललं, सिव्हर्त कसा आहे, बेटावरची मुलगी कशी आहे. घर आलं तरी आम्ही गाडीतच बसून होतो.

१० ऑक्टोबर

मोठा विषय आला.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पालिकेने मांडलं आहे, की स्कार्वोयची शाळा बंद करायची आणि त्रानवोगमध्ये नवं क्रीडागृह बांधायचं. दोन्ही एकाच प्रस्तावात. बेटावर पहिलीपासून दहावीपर्यंत मिळून सतरा मुलं आहेत. ती रोज बोटीने इकडे येतील. बोटीला पाऊण तास लागतो.

सिव्हर्तने वाचलं आणि त्याचा चेहरा फुलला. आत्ताचं क्रीडागृह गळतं, खेळताना मैदानात बादल्या ठेवाव्या लागतात. त्यात पाय अडकून मागच्या वर्षी एकीचा गुडघा गेला. नऊपैकी आठ जण त्रानवोगच्या बाजूचे. आठ जणांना क्रीडागृह हवंच आहे. मलाही हवं आहे.

ओद्नीने प्रस्ताव उलटा करून टेबलावर ठेवला. “लगेच मत घेणार असाल तर घ्या,” ती म्हणाली. “मी मोजून ठेवलंय. मला परतीची बोटही मिळेल.”

मत घ्यायला कुणी हात वर केला नाही. मग दिवे विझले.

१४ ऑक्टोबर

आज मटण-कोबी. घर दोन दिवस त्याच वासाचं राहणार.

बाबाने जेवताना विचारलं, मंडळ कुठल्या बाजूला झुकतंय? मी सांगितलं की बहुतेकांना क्रीडागृह हवंय, पण ओद्नीसमोर तसं म्हणायची सगळ्यांना लाज वाटतेय. हे त्याला फार आवडलं. हसला, म्हणाला, “लाज वाटणं चांगलंच. पण लाजेवर निर्णय होत नाहीत.” मग विचारलं, नक्की किती जण? त्यात डळमळीत कोण?

“आर्नफिन, तिला जेवू दे,” आई म्हणाली.

आईला पालिकेचा कंटाळाच आहे. वृद्धाश्रमातून दमून येते, मग तिला घरात सभेच्या गप्पा नको असतात. पण मला आवडतं. बाबा मला असे प्रश्न विचारतो जसे तो मोठ्या माणसांना विचारतो, आणि मी उत्तर देताना काटा खाली ठेवून ऐकतो.

२४ ऑक्टोबर

आज भांडण झालं.

ओद्नीने ठराव मांडला, की मत देण्याआधी मंडळाची एक बैठक स्कार्वोयला घ्यायची. “आमच्याबद्दल बोलताय ना, मग आमच्याकडे येऊन बोला. इथे उबेत बसून नाही.” कुणीतरी म्हणालं की मंडळाच्या बैठका या इमारतीतच होतात. इंगविलने नियम वाचून दाखवले. बैठक कुठे घ्यायची याबद्दल त्यात एक शब्दही नाही. म्हणजे ते आमचं आम्ही ठरवायचं. मला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. नियमात जे लिहिलेलं नाही ते किती मोठं आहे.

ठराव मंजूर झाला. सिव्हर्तनेही बाजूने मत दिलं. पण लगेच दोन बोटं वर करून म्हणाला, “आता माझाही एक प्रश्न. इल्वाचे बाबा सभेत आहेत. हा प्रस्तावच त्यांच्या पक्षाचा आहे. या विषयापुरतं तिने अध्यक्ष राहावं का?”

माझे कान तापले. मी म्हटलं, माझे बाबा सभेत आहेत, मी नाही. मला माझं डोकं आहे. इंगविलने सांगितलं की कायद्याने अडचण नाही, पण मंडळाला वाटलं तर चर्चा करता येईल. कुणालाच चर्चा करायची नव्हती. सिव्हर्तने खांदे उडवले.

टोपीतून त्याचं नाव निघालं नाही हे त्याच्या अजून मनात आहे. दुसरं काय?

नंतर इंगविल कॉफीचे कप गोळा करताना हळूच म्हणाली, “घरी या सगळ्याबद्दल बोलतेस का गं?” मी म्हटलं, हो, खूप. बाबाशी. ती काहीतरी बोलणार होती, मग नुसतं म्हणाली, “बरं. तुझं तू बघ.” माझी काळजी घेणारं कुणी घरी आहे ना, हे तिला बघायचं असावं. चांगली आहे ती.

७ नोव्हेंबर

स्कार्वोय.

जाताना नऊ जणांपैकी आम्ही सात होतो. वारा होता, पण बोट सुटेल इतपतच. ओद्नी धक्क्यावर आम्हाला घ्यायला उभी होती. बोटीवर सिव्हर्त आधी हिरवा झाला, मग पांढरा, मग त्याने कागदी पिशवी मागितली. उतरल्यावर तो धक्क्यावरच्या एका पेटीवर बसून राहिला. ओद्नीने त्याला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, “आज समुद्र शांत आहे हं.” ती टोमणा मारत होती की खरंच सांगत होती, ते मला कळलं नाही. मग धक्क्यावरच्या एका आजोबांनीही तेच सांगितलं.

शाळा म्हणजे दोन मोठ्या खोल्या, एक सुतारकामाची आणि एक स्वयंपाकघर. मुलांनीच आमच्यासाठी मासळीचे वडे तळले होते, नंतर वॅफल आणि तपकिरी चीज. पहिलीतल्या एका मुलाने मला विचारलं, तू अध्यक्ष आहेस तर तुला हातोडा आहे का? मी पिशवीतून बैठकीत आपटायचा लाकडी हातोडा काढून दाखवला. मग प्रत्येकाला तो एकदा आपटायचा होता. बैठक सुरू व्हायला त्यामुळे उशीर झाला.

मला वाटलं होतं सगळे म्हणतील, शाळा वाचवा. लहानांनी तसंच म्हटलं. पण मोठी मुलं गप्प होती. मी भांडी विसळायला गेले तेव्हा रान्वैग माझ्याबरोबर आली. ती ओद्नीची चुलतबहीण, दहावीत आहे. दहावीत ती एकटीच आहे. पहिलीपासून एकटीच होती.

ती म्हणाली, “इथे असं बोलायचं नसतं. पण मला वर्गात कुणीतरी हवं होतं. गणित चुकलं तर शेजारी बघायला तरी. शाळा बंद झाली असती तरी मी रडले नसते.”

मी विचारलं, म्हणजे बंद व्हावी असं वाटतं?

ती ताट पुसत राहिली. मग म्हणाली की तिचा भाऊ सहा वर्षांचा आहे, हातोडा मागणारा तोच. “त्याला जानेवारीत काळोखात त्या बोटीवर चढवणार असाल तर मला वर्गमैत्रिणी नकोत, राहीन एकटीच.”

येताना मी याच विचारात होते. आम्ही प्रश्नच चुकीचा घेऊन बसलो होतो का? शाळा हवी की नको, असं विचारलं की माणूस एकच उत्तर देतो. रान्वैगकडे दोन होती. सिव्हर्त शेजारी डोळे मिटून बसला होता. त्याला सांगितलं तर डोळे न उघडता म्हणाला, “पहिलीतली पोरं रोज या डब्यात? मी कप्तान आहे, मला उलटी झाली.”

८ नोव्हेंबर

शुक्रवार, म्हणून नेहमीप्रमाणे जेवायला टाको. बाबाला कालचं सगळं सांगितलं. रान्वैगचंही, दोन्ही बाजू. तिचं नाव सांगितलं नाही, नुसतं ‘दहावीतली एक मुलगी’ म्हटलं. बाबाने हातातला टाको खाली ठेवला. मग म्हणाला, “हे महत्त्वाचं आहे, इल्वा. हे कुणीच आम्हाला सांगितलं नव्हतं.”

मला इतकं बरं वाटलं. सल्ला म्हणजे हेच ना? ज्यांना माहीत नाही त्यांना माहीत करून देणं. सभेत पोहोचायच्या आधीच मी एका सभासदाला पटवलं.

आई सगळा वेळ भांडी धुवायच्या यंत्रात ताटं लावत होती. एकच ताट तिने दोनदा काढून पुन्हा लावलं.

२१ नोव्हेंबर

आमचं म्हणणं लिहून झालं. तीन बैठका, आणि मध्ये एकदा ओद्नी उठून निघून गेली होती. ती परत आली, कारण बोट सुटली होती.

शेवटी ठरलं ते असं. पहिली ते सातवीची मुलं बेटावरच राहतील. आठवी ते दहावीची त्रानवोगच्या शाळेत येतील, आणि पालिकेने बोटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळवून द्यावी. वारा जास्त असेल त्या दिवशी त्यांना घरून शिकता यावं. क्रीडागृह हवंच आहे, पण शाळेच्या पैशांतून नाही. त्यासाठी आम्ही थांबू.

‘आम्ही थांबू’ हे दोन शब्द सिव्हर्तचे. ते लिहायला त्याला खूप जड गेलं. पुढच्या वर्षी तो शाळेतून बाहेर पडणार, त्या क्रीडागृहात तो खेळणारच नाही.

सगळ्यांत विचित्र म्हणजे ओद्नीचं. ती नववीत आहे. आमचं म्हणणं मान्य झालं तर बोटीवर चढावं लागणार ते तिलाच. मी तिला म्हटलं, तू विरोधात मत देऊ शकतेस, तुझं वेगळं म्हणणं खाली जोडता येतं, मी नियम बघितलाय. ती म्हणाली, “मला माहितीये. मीही बघितलाय.” आणि तिने बाजूने हात वर केला.

एकमताने. मी हातोडा आपटला.

घरी बाबाने विचारलं, काय ठरलं? मी सांगितलं. तो म्हणाला, “हुशारीने केलंय.” मग फोन घेऊन बाहेर गेला.

११ डिसेंबर

आज जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

पालिकेची सभा. मोठ्या सभागृहात खिडक्यांमध्ये कागदी तारे लावले होते, इकडे हिवाळ्यात होतो तसा दुपारीच बाहेर काळोख होता. मला पुढच्या रांगेत बाजूला खुर्ची दिली होती, माझ्या नावाची पाटीही होती. ध्वनिक्षेपकावर छोटा दिवा असतो. हिरवा असेपर्यंत बोलायचं, पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की नगराध्यक्षा गुन्वोर तुमचे आभार मानतात. मागच्या बाकांवर लोक बसले होते. स्कार्वोयहून ओद्नी आली होती, रान्वैग आणि तिची आईसुद्धा.

माझ्या आधी बाबाचा नंबर होता. तो छान बोलतो, सगळे ऐकतात. गळक्या छताबद्दल बोलला, मोडलेल्या गुडघ्याबद्दल बोलला. मग म्हणाला, “आपण इथे बेटावरच्या मुलांच्या नावाने बोलतोय. पण त्यांना कुणी विचारलं का? आपल्या युवा मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं. त्या स्वतः तिथे गेल्या. तिथली दहावीतली मुलगी त्यांना म्हणाली, की शाळा बंद झाली तरी मी रडणार नाही. मुलं आपल्यापेक्षा पुढे आहेत.”

काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

मी मागे वळून बघितलं. बाबाने नाव घेतलं नव्हतं. पण स्कार्वोयला दहावीत एकच मुलगी आहे. रान्वैगची आई रान्वैगकडे बघत होती. रान्वैग जमिनीकडे बघत होती. ओद्नी माझ्याकडे बघत होती.

मग गुन्वोरने माझं नाव घेतलं.

मी आधी मंडळाचं म्हणणं वाचलं. सगळं, शब्दन् शब्द. तो कागद नऊ जणांचा होता, तो आधी वाचणं भाग होतं. वाचून झाला तेव्हा दिवा पिवळा झाला होता. मी म्हटलं, “आता जे बोलते ते मंडळाचं नाही, माझं आहे. मघाशी जे वाक्य इथे ऐकवलं, ते मी घरी जेवताना सांगितलं होतं. ते मला विश्वासाने सांगितलं होतं, सभेला नाही. आणि ते अर्धंच आहे. ती पुढे म्हणाली होती, की माझ्या लहान भावाला त्या बोटीवर चढवणार असाल तर मी एकटी राहीन. हे अर्धंसुद्धा मी घरी सांगितलं होतं.”

दिवा लाल होता. गुन्वोरने लगेच आभार मानले नाहीत. थोडं थांबून मानले.

मी बाबाकडे बघितलं नाही. त्याच्या चष्म्याचा डबा टेबलावर उघडझाप होताना ऐकू येत होता.

मग विरोधी पक्षातल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने आमचं म्हणणं जसंच्या तसं दुरुस्ती म्हणून मांडलं. मला हे असं करता येतं हेच माहीत नव्हतं. म्हणजे आम्हाला मत नाही, पण ज्याला आहे तो आमचे शब्द उचलू शकतो. हात वर झाले. दुरुस्ती एका मताच्या फरकाने मंजूर झाली. बाबाने विरोधात हात वर केला होता. त्याने तसं करायलाच हवं होतं, तो पक्षाचा आहे. मी स्वतःला हेच सांगत होते.

बाहेर जिन्यात ओद्नी भेटली. मी म्हटलं, आपण जिंकलो.

“हो,” ती म्हणाली.

मी म्हटलं, मी पुढचं अर्धं सांगितलं, ऐकलंस ना?

“ऐकलं,” ती म्हणाली. “तेही रान्वैगचंच होतं. तेही तू तिला विचारून सांगितलं नाहीस.”

आणि ती बोटीकडे निघून गेली.

१२ डिसेंबर

सकाळी बाबा स्वयंपाकघरात उभा होता. म्हणाला, “मी नाव घेतलं नव्हतं.”

मी म्हटलं, “बेटावर नाव घ्यावं लागत नाही.”

“सभेत असंच चालतं, इल्वा. ज्याच्याकडे जे असतं ते तो वापरतो.”

“मी तुला वापरायला दिलं नव्हतं.”

त्याने कपात कॉफी ओतून घेतली. मग म्हणाला की मी चांगलं बोलले, त्याच्या पहिल्या भाषणापेक्षा चांगलं. मला ते आवडलं, आणि आवडलं याचाच राग आला. त्याने शाळेपर्यंत सोडू का विचारलं. मी बसने गेले.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सप्टेंबरपासून गाडीत तो जे विचारत होता, ते मला विचारत होता की अध्यक्षांना? संध्याकाळी आईला विचारलं. ती म्हणाली, “दोन्ही असेल. त्यालाही वेगळं करता येत नसेल.”

तुला आधीच कळलं होतं का, असं मी विचारलं. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि मेणबत्ती लावायला उठली.

रान्वैगला चार ओळी लिहिल्या. तिने वाचल्या एवढं फोनवर दिसतं.

१५ जानेवारी

नव्या वर्षातली पहिली बैठक.

इंगविलला सुट्टीत एक गोष्ट लक्षात आली होती. नियमांनुसार मंडळावर जागा आहे ती ‘आठवी व त्यापुढचे वर्ग असलेल्या प्रत्येक शाळेला’. ऑगस्टपासून स्कार्वोयला ते वर्गच नसतील. म्हणजे आमच्याच सल्ल्याने बेटाची जागा गेली. कुणीच हे बघितलं नव्हतं. मी तर नियम पाठ असल्यासारखी वागत होते.

सिव्हर्तने लगेच हात वर केला, दोन बोटं नाही, सबंध हात. त्याने मांडलं की जागा शाळेला नको, बेटाला द्या. मंडळाचे नियम आम्हाला बदलता येत नाहीत, ते सभा बदलते. आम्ही नुसतं सुचवायचं. पुन्हा तेच. पण या वेळी हसू आलं. आम्हाला आता सुचवायची सवय झाली आहे.

त्या विषयाला हात घालण्याआधी मी म्हटलं, मला एक बोलायचंय. ऑक्टोबरमध्ये सिव्हर्तने जे विचारलं होतं ते बरोबर होतं आणि मी नीट ऐकलं नाही. मी अध्यक्ष राहावं का, हे आज ठरवा. मी बाहेर जाते.

हातोडा सिव्हर्तकडे दिला आणि बाहेर येऊन बसले. दार जाड आहे, काहीच ऐकू येत नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला फक्त जाणून घ्यायचं होतं. आत कोण काय म्हणतंय? माझ्याशिवाय ते कसे बोलतात? दाराखालची उजेडाची रेघ एकदा गेली आणि पुन्हा आली. म्हणजे सगळे विचारात पडले होते, मग कुणीतरी हात हलवला.

दार उघडलं. ओद्नी होती. सभेनंतर ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

“ये. तू राहतेस.”

मी उठले. तिने दार धरून ठेवलं होतं, पण वाट सोडली नाही.

“मी विरोधात मत दिलं,” ती म्हणाली. “एकटीने. आणि कारण नोंदवायला सांगितलंय.”

मी विचारलं, मग मला बोलवायला तू का आलीस?

“कुणी उठतच नव्हतं.”

आत गेले. सिव्हर्तने हातोडा परत दिला. नोंदवलेलं कारण अध्यक्षांनी वाचून दाखवायचं असतं, म्हणून इंगविलने ते माझ्यासमोर ठेवलं. मी मोठ्याने वाचलं: ‘स्कार्वोयच्या प्रतिनिधी ओद्नी यांनी विरोधात मत दिले. त्यांचा अध्यक्षांवर विश्वास नाही.’

कुणी हललं नाही. मी विचारलं, बरोबर आहे का?

“एक शब्द राहिला,” ओद्नी म्हणाली. “सध्या.”

“कुठे घालू?” इंगविलने विचारलं.

“‘विश्वास’च्या आधी.”

इंगविलने तो शब्द घातला. मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, मग हातोडा आपटला आणि पुढचा विषय घेतला.